मागे पाहून फेकायची काठी

त्या सकाळी तलावाच्या पाळीवर तीन काठ्या होत्या. दोन राखणदारांच्या, बांबूच्या, तेल पाजलेल्या. तिसरी माझी, मासे धरायची, मुठीपाशी बोटाएवढी आणि टोकाला गवताच्या काडीएवढी. त्या दोन काठ्यांनी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचा उजवा हात मोडला. माझी काठी तेव्हा माझ्या हातात होती आणि मी काही केलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण सांगता सांगता स्वतःला वाचवायची मला खोड आहे.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. गाव पवनी तालुक्यात, कोंढ्याकडं जाताना मोठा रस्ता सोडून आत. गावाला तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. पाणी शेतीवाल्यांचं आणि मासोळी आमची, ही वाटणी कोणी केली, केव्हा केली, माहीत नाही. पण माझ्या लहानपणापर्यंत ती कोणी मोडली नव्हती. शेतीवाल्यांच्या घरी आम्ही ओसरीपर्यंत जायचो. मासोळी मात्र सरळ चुलीपर्यंत जायची. यावर माझी माय हसायची. म्हणायची, "मासोळीले जात नाई राहत, बापू." बाबा हसायचे नाहीत.

बाबांचा हात जड. मरळ लवकर मरत नाही, पाण्याबाहेर काढली तरी कितीतरी वेळ तडफडते, म्हणून ते तिचं डोकं दगडावर आपटायचे. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कधी लागलं नाही. त्याच हातानं आम्हालाही मारायचे आणि तिथं मात्र मोजत नसत. मी चौथीत असताना एका शेतीवाल्याच्या पोरानं मी शेजारी बसताच नाक धरलं. मी त्याच्या तोंडावर पाटी हाणली. ओठ फाटला, पुढचा दात हलला, रक्त सगळं पांढऱ्या सदऱ्यावर. मास्तरांनी मला छडीनं फोडून काढलं. ते ठीक, मी मारलंच होतं. पण संध्याकाळी बाबांनीही मारलं, पाठीवर, मांडीवर, जिथं लागेल तिथं. "त्याच्या बापाच्या बांधीत तुही माय रोवणीले जाते बे! उद्या तिले बोलावलं नाई तं काय पाटी खाशीन?" धानाची रोपं लावायचे ते दिवस, आणि त्या दिवसांवर आमचं पुष्कळ अवलंबून असायचं. भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो मधे पडला आणि माझ्या वाटचे चार त्यानं खाल्ले. त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो आणि ती चुकीची शिकलो. मारायचंच असेल तर वरच्याला मारू नये, खालचा बघावा.

पुढं तसंच करत आलो. माझा राग गावात प्रसिद्ध आहे. ट्रकच्या क्लीनरला कानफटात दिली आहे, हमालाच्या अंगावर पाना फेकला आहे, आठवडी बाजारात वांगेवाल्याची टोपली लाथेनं उडवली आहे. लोक म्हणतात, याचं डोकं गरम. कसलं गरम! चांगलं समजूतदार डोकं आहे माझं. मालकापुढं ते एकदाही तापलं नाही.

आयटीआय करून काम मिळेना, तेव्हा एका ओळखीनं हिमाचलात गेलो. डोंगरातल्या एका नदीकाठी तंबूंचा कॅम्प होता. तिथं मोठी माणसं मासे धरायला यायची, खायला नाही. मला जनरेटर सांभाळायला ठेवलं होतं. पण मी पाहुण्यांच्या पिशव्या वाहायचो, ओले बूट सुकवायचो आणि चहा द्यायचो. तिथंच ही काठी पहिल्यांदा पाहिली. हिच्या गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. कोंबड्याच्या मानेचं पीस बारीक आकड्यावर दोऱ्यानं गुंडाळून माशी बनवलेली असते. तिला वजनच नाही, मग फेकायची कशी? तर वजन दोरीला असतं. दोरी आधी मागं हवेत टाकायची, ती मागं पूर्ण सरळ होईपर्यंत दम धरायचा, आणि मग पुढं सोडायची. मागं झाड असलं तर आकडा झाडात, माणूस असला तर माणसात. कॅम्पातला म्हातारा पहाडी वाटाड्या सगळ्यांना एकच धडा द्यायचा. "पहले पीछे देख, फिर आगे फेंक." न पाहता कोणी फेकलं की मानेवर टपली मारायचा. अर्थात पाहुण्यांना सोडून.

धरलेला मासा ते लोक ओल्या हातात घेऊन फोटो काढत आणि परत पाण्यात सोडत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हातातून निसटला. "गेला, गेला!" म्हणून मी बुटांसकट पाण्यात धावलो. सगळा कॅम्प हसला. मी पण हसलो, पण आतून जळालो.

तिथं एक गोरा म्हातारा यायचा, जरा लंगडत चालायचा. त्यानं एकदा वाटाड्यामार्फत विचारलं, तुझ्या घरचे काय करतात? मी म्हणालो, शेती. ढिवर म्हणजे काय आणि शेतीवाला म्हणजे काय, हे ज्याला सात जन्मात कळणार नाही, अशा माणसापुढं मी जात चोरली. का चोरली, मला विचारू नका, अजून उत्तर सापडलेलं नाही. त्याला मात्र तिथं काहीच सांगावं लागत नसे. खुर्ची आधी त्याला, चहा आधी त्याला. दिल्लीचे शेठलोक त्याच्याशी मऊ बोलायचे आणि वळून माझ्यावर खेकसायचे. आमच्या गावात आडनाव जे काम करतं, ते तिथं कातडी करत होती.

एकदा दिल्लीच्या एका पाहुण्यानं गाडीचं दार लावलं आणि त्यात त्याच्याच काठीचं टोक सापडून मोडलं. त्यानं वळून माझ्या कानाखाली मारली. कान सुन्न झाला, तोंडात रक्त आलं, मी चिखलात बसलो. दुसरी मारली ती बसल्यावर. गोरा म्हातारा चार हातांवर उभा होता. त्यानं सगळं पाहिलं आणि मग तो नदीकडं बघायला लागला. दुसऱ्या दिवशी जाताना त्यानं स्वतःची जुनी काठी, दोरी गुंडाळायची चकरी आणि टोपी माझ्या हातात ठेवली. ठेवताना माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. मी मनात त्याला शिव्या घातल्या, भेकड साला! आणि काठी ठेवून घेतली.

बाबा गेले तेव्हा परत आलो तो इथलाच झालो. गावाजवळच्या राईस मिलमध्ये मशीनवर लागलो. सगळ्यांना मी मिस्त्री. मिलमध्ये कोंडा नाकात, कोंडा कानात, आणि पट्ट्यांचा आवाज इतका की घरी गेलो तरी मी ओरडूनच बोलायचो. एका हमालाची दोन बोटं माझ्या डोळ्यांदेखत पट्ट्यानं ओढून नेली. मी बटण दाबलं, पट्टा थांबला, बोटं कोंड्यात सापडली, ती रुमालात बांधून त्याच्याबरोबर दवाखान्यात पाठवली आणि पट्टा परत सुरू केला. मालक म्हणाले, "शाबास, डोकं थंड ठेवलं." मला त्या शाबासकीचा आनंद झाला होता. आज तो आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

सुट्टीच्या दिवशी मी काठी घेऊन वैनगंगेवर जायचो. गोसीखुर्दचं धरण झाल्यापासून आमच्याकडं चिलापी नावाची मासोळी माजली आहे आणि ती काहीही खाते, पिसाची माशीसुद्धा. माशी मी घरच्याच कोंबड्याच्या पिसांची बांधायचो. सांगायला लाज वाटते, पण दिवसभर पट्ट्यांचा खडखडाट ऐकलेल्या माणसाला ती दोरी हवेत सरळ होताना पाहून फार बरं वाटतं. लोक काठावर जमायचे. "अबे, ढिवराचा पोरगा न् मासोळीले पिसं चारून राहिला!"

भाऊ एकदा बघायला आला आणि माझ्या मागं येऊन उभा राहिला. मी दोरी मागं टाकली ती त्याच्या कानात. "अबे मेलो बे!" करून तो असा ओरडला की पलीकडची म्हैस पाण्यातून उठली. मी पकडीनं आकडा तोडून काढला. त्यानं रक्ताच्याच हातानं माझ्या पाठीत एक गुद्दा घातला आणि मग आम्ही दोघं हसत बसलो. मी त्याला नियम सांगितला. फेकायच्या आधी मागं पाहायचं असतं, दर वेळी. आज मी चुकलो, पुन्हा चुकणार नाही. आणि खरंच पुन्हा कधी चुकलो नाही.

"म्हंजे तुह्या गरीले पुढचं कमी न् मांगचं जास्त दिसते," तो म्हणाला. गळाच्या काठीला आमच्याकडं गरी म्हणतात.

मग मी एक चिलापी धरून परत सोडली तेव्हा मात्र त्याचं तोंड उतरलं. "कायले सोडली बे?"

"खेळ असते हा, भाऊ. धराची न् सोडाची."

"आपल्यात पहिली सोडाची असते," तो म्हणाला. "सगळ्याच नाई सोडाच्या. सगळ्याच सोडल्या तं लेकरं काय पानी पितीन?"

पहिली म्हणजे नव्या जाळ्यातली पहिली. आमच्या घरची रीत आहे. नवीन जाळं विणून झालं की पहिला फेर आपल्याच तलावात टाकायचा, आणि त्यात जी पहिली मासोळी येईल ती हातात घेऊन परत पाण्यात सोडायची. बाबांसारखा बाबा, पण तेवढी एक मासोळी तेसुद्धा लेकराला न्हाऊ घालावं तशी सोडायचे.

भावाचा हात मोडला त्या साली तलावाचा ठेका कागदावर आमच्याच लोकांच्या सोसायटीचा होता. पण पैसा लावला होता माझ्या मिलच्या मालकांनी, म्हणून मासोळी त्यांची झाली. आमची माणसं त्यांच्या बोलावण्यावर जाळं ओढायची आणि रोजी घेऊन घरी जायची. बाकीच्या दिवशी तलावात जाळं टाकलं तर चोरी. राखणीला त्यांनी बाहेरचे दोघे आणले, चांगले तगडे, गावात कोणाची ओळख नको आणि कोणाची कीव यायला नको म्हणून. मला मात्र मुभा होती. मालकांकडं नागपूरचे पाहुणे आले की मला तलावावर बोलावणं यायचं. "हा आमचा मिस्त्री. इंग्लिश गरी खेळते." मी गोऱ्याची टोपी घालून उभा राहायचो, मासा धरायचो, दाखवायचो, सोडायचो. राखणदारांना मी पाहुण्यांपैकीच कोणी वाटलो. ते मला साहेब म्हणायला लागले. मी दुरुस्त केलं नाही. किती गोड लागतं ते, एकदा ऐकून बघा.

भावानं त्या वर्षी नवीन फेकजाळं विणलं. काम करून आला की खांबाला दोरा बांधून बसायचा. तीन महिने गेले. घेराला शिशाचे मणी लावले तेही एकेक करून स्वतः. मी म्हणालो, "पहिला फेर नदीत टाक, भाऊ. तलावावर ते दोघं हायेत."

"मी मासोळी खावाले नाई जाऊन राहिलो. सोडाले जाऊन राहिलो," तो म्हणाला. "सोडाची कोनती चोरी बे?"

त्याचं म्हणणं मला पटलं. म्हणजे बघा, आम्ही दोघंही किती भोळे.

धान कापून झालं होतं. मिलची सुट्टी होती आणि उन्हं नुकतीच वर आली होती. मी पाळीवर उभा राहून खोल पाण्याकडं तोंड करून खेळत होतो. राखणदार बाजूला काटक्यांची शेकोटी करून बसले होते. भाऊ आला तो माझ्या मागच्या अंगानं, पाळ वळते तिथल्या उथळ पाण्यात. गुडघाभर उतरला, घेराची एक कड दातांत धरली, कमरेतून वळला आणि फेकलं. मी दोरी मागं टाकायला वळून पाहिलं तेव्हा जाळं हवेत होतं. काय फुललं होतं! पुऱ्या गोलाईनं पाण्यावर पडलं. त्यानं ओढलं तेव्हा त्यात एक रोहू होती, हातभर नाही, वीतभरच. ती सोडवून त्यानं दोन्ही हातांत घेतली आणि वाकला.

तेवढ्यात राखणदार उठलेले मला दिसले. "भाऊ, पळ" एवढं म्हणायला काय लागतं? दोन शब्द. माझ्या तोंडातून एकही निघाला नाही.

पहिली काठी पाठीवर पडली. तो पाण्यात गुडघ्यांवर आला, पण मासोळी सोडली नाही. दुसरी मानेवर. "सोडाची हाय!" तो ओरडला. "पहिली हाय, सोडाचीच हाय!" दोघे हसले. "सोडाची हाय म्हने, साला!" एकानं त्याच्या केसांना धरून तोंड पाण्यात दाबलं, वर काढलं, परत दाबलं. त्यात मासोळी हातातून निसटली. दुसरा जाळं ओढायला लागला तेव्हा भावानं उजव्या मुठीत जाळ्याची दोरी गच्च धरली. मग त्यांनी ती मूठ काठावरच्या दगडावर ठेवली आणि तिच्यावर काठी घातली. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला. मला तो पाळीवर ऐकू आला. मूठ तरी उघडेना, म्हणून आणखी तीनदा घातली.

त्याचं तोंड माझ्याकडं होतं. रक्तानं, चिखलानं भरलेलं. त्यानं मला पाहिलं आणि हाक मारली नाही. मी घरात लहान्या. लहानपणापासून काही झालं की तो पहिला शब्द तोच काढतो. त्या दिवशी नाही काढला. एका राखणदारानं मान वर करून मला म्हटलं, "तुम्ही खेळा, साहेब. चोर आहे." मी मान हलवली. आणि देवाशपथ सांगतो, मी दोरी फेकली. हात आपोआप चालत होता. सातआठ वेळा तरी फेकली असेल, आणि दर वेळी आधी मागं पाहिलं.

त्यांनी जाळं विळ्यानं उभं फाडलं आणि भावाला पाळीवर ओढून टाकलं. गावातली माणसं धावत आली तेव्हा मीही त्यांच्यात मिसळून धावत आलो. त्याला भंडाऱ्याला नेलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं, तीन बोटांचा चुरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी राखणदारांनीच तक्रार दिली. हा चोरी करताना सापडला, यानं शिशाचं जाळं आमच्या डोक्यात मारलं आणि पळताना दगडावर पडला. भावाला आत टाकायचं की त्यांना, हे ठरायला बघणारा माणूस पाहिजे होता, आणि बघणारा एकच होता. जमादार चौकशीला मिलमध्ये आला. मालकांच्याच ऑफिसात बसला, मालकांच्याच समोर.

"तुम्ही तलावावर होते?"

"होतो."

"मारताना पाहिलं?"

मालक माझ्याकडं बघत राहिले, ओळखीचं, प्रेमाचंच बघणं. पट्ट्यांचा आवाज भिंतीतून येत होता.

"नाई पाहिलं," मी म्हणालो. "माझी पाठ होती."

जमादारानं लिहून घेतलं. मालकांनी मला चहा सांगितला आणि मी तो प्यायलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेलो. वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. भावाचा हात खांद्यापर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये, एक डोळा सुजून बंद. मी स्टुलावर बसलो. फॅन कुरकुरत होता. तो बोलला, ओठ फाटलेला म्हणून हळू.

"जमादार आलता. तुनं सांगतलेलं वाचून दाखवलं त्यानं. पाठ होती म्हनतं तुही?"

मी स्टूल पुढं सरकवलं.

"तू तं मांगं पायल्याबिगर फेकतच नाईस बे, लहान्या."

तो बंद डोळ्याच्या बाजूनं भिंतीकडं वळला आणि वळूनच पुढचं बोलला. "मीनं तुले आवाज नाई देल्ला. तुही नोकरी जाईन म्हून नाई देल्ला. मले वाटलं, तू सोताहून येशीन." मग म्हणाला, "जा आता. तुही वहिनी येईन. तिच्यासमोर नको."

बाहेर आलो आणि माझ्या मोटरसायकलला लाथा घातल्या. आरसा फुटला, घोट्यातून रक्त आलं. आजूबाजूचे बघत होते. एकानं विचारलं, "काहून मारता बापा गाडीले?" त्याच्याही अंगावर धावून जाणार होतो. पाऊल उचललं, आणि तेव्हा कळलं की मी परत खालचाच शोधतोय.

घरी गेलो, काठी घेतली आणि तसाच पवनीला ठाण्यात गेलो. जमादार डबा घेऊन जेवायला निघाला होता. मी म्हणालो, "काल खोटं बोललो. मी सगळं पाहिलं."

"काल पाठ होती, आज तोंड झालं?" तो चिडला. "कोर्टात तुले उभा सोलतीन. तू मासे धरून राहिला होता पुढं तोंड करून, तुले मागचं कसं दिसलं? सांग ना!"

"चला अंगणात. दाखवतो."

त्याला काय वाटलं कोणास ठाऊक, पण तो आला. मी त्याला माझ्या मागं, दोरीच्या टप्प्याबाहेर उभं केलं आणि म्हणालो, "तुम्ही मागं हातानं बोटं दाखवा. मी पुढं फेकत राहतो, बोटं सांगत राहतो." आकडा काढून टाकला आणि सुरू केलं. दोरी मागं गेली, मी पाहिलं. तीन. दोरी पुढं गेली. परत मागं. एक. परत. पाच. दारातले शिपाई बघायला उभे राहिले. चौथ्यांदा पाहिलं तर त्यानं मूठ केली होती.

"मूठ," मी म्हणालो. आणि तिथंच, ठाण्याच्या अंगणात, मला रडू फुटलं. कारण दगडावरची मूठ आठवली. जमादार डबा न उघडता आत गेला आणि नवीन कागद घेतला. मी सगळं सांगितलं, मान हलवली तेही.

भावावरची तक्रार टिकली नाही, राखणदारांवर मारहाणीचा खटला लागला. तो अजून चालू आहे. तारखेला त्यांचा वकील माझं पहिलं बयाण मोठ्यानं वाचतो, आणि भाऊ तिथं बसून ऐकतो. मालकांनी मला त्याच आठवड्यात काढलं. "तुह्या हाताले काम देल्लं होतं, तोंडाले नाई," एवढंच म्हणाले, तेही हसून.

जामिनावर सुटल्यावर त्या दोघांनी मला नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्यावर भर दुपारी अडवलं. सोबत तिसरा एक होता. या खेपेला कोणी साहेब म्हटलं नाही. जातीवरून शिवी दिली, मोटरसायकलवरून खाली ओढलं आणि लाथांनी तुडवलं. काठी गाडीला बांधलेली होती. एकानं ती गुडघ्यावर घेऊन मोडली, अर्ध्याचे परत अर्धे केले आणि नहरात फेकले. बरगड्या मोडल्या तेव्हा श्वास अडकला. पण मी वरच्याच्या मनगटाला चावलो, असा चावलो की त्याचं रक्त माझ्या जिभेवर आलं आणि तो किंचाळला. मी सोडलं नाही. दोघांनी मिळून माझा जबडा उघडला. मार मीच जास्त खाल्ला, यात शंका नाही. तरी त्या मारानं मला जे दुखलं ते दवाखान्यातल्या त्या एका वाक्यापेक्षा कमी होतं.

भावाची तीन बोटं आता वळत नाहीत. जाळं फाटलं होतं ते वहिनीनं आणि मी मिळून सांधलं. तो बाजूला बसून शिव्या द्यायचा, "गाठ हाय का गांडूळ हाय ते?" त्याच्या शिव्या परत सुरू झाल्या, यातच मला पुष्कळ मिळालं. बाकी त्या दिवसाबद्दल तो बोलत नाही आणि मीही काढत नाही.

गेल्या महिन्यात जाळं घेऊन नदीवर गेलो. सांधलेलं जाळं नवीनच धरायचं असं त्यानं ठरवलं. फेकायचं मी. मला कुठं येतं? पहिल्यांदा ते गोधडीसारखं घडी होऊन पडलं. दुसऱ्यांदा शिसं माझ्याच दातावर बसलं, हिरडी फुटली. तो काठावर माझ्या मागं बसला होता, वाकडा हात मांडीवर घेऊन.

तिसऱ्यांदा कड दातांत धरली, जाळं कोपरावर घेतलं, आणि फेकायच्या आधी मागं पाहिलं. फेकजाळ्याला मागं पाहावं लागत नाही, हे आमच्यातल्या लेकरालाही माहीत असतं. पण माझी मान वळलीच.

"मांगं काय पायतं बे?" तो म्हणाला. "मांगं मी हावो. फेक."